शेपटीचं गंगावन

"हे सगळं जिच्यासाठी चाललंय ती कुठंय?" आत्यानं विचारलं आणि गाडीत कुणालाच उत्तर देता येईना. तोवर आम्ही सगळे एकाच दिशेला बघत होतो. मार्च ते मेचा मोठा पाऊस सरला की नैरोबी नॅशनल पार्कातलं गवत गाडीच्या खिडकीपर्यंत येतं, तुऱ्यांवर तांबूस झाक चढते. मागं शहराच्या उंच इमारती, एका बाजूला खांबांवरून पार्क ओलांडणारी रेल्वे, डोक्यावरून विल्सन विमानतळाकडं उतरणारी छोटी विमानं, आणि समोरच्या उतारावर गवतातून उसळणारे काळे पक्षी, जॅक्सन्स विडोबर्डचे नर. एक वर यायचा, क्षणभर हवेत थांबल्यासारखा दिसायचा आणि गवतात गडप व्हायचा. तेवढ्यात डावीकडं दुसरा. मग पार टोकाला तिसरा. नवरा भराभर फोटो काढत होता, आमचे गाईड "जॅक्सन्स, जॅक्सन्स" म्हणून बोट दाखवत होते, मी दुर्बिणीचं चाक फिरवत होते. सांगलीहून पहिल्यांदाच इकडं आलेल्या, सिंह बघून "बरा आहे" एवढंच म्हणालेल्या आत्यानं मात्र नाच बघून झाल्यावर पहिला प्रश्न केला तो हा. गाईडनी दुर्बीण लावून गवत बराच वेळ विंचरलं आणि म्हणाले, "हापा हापा तु." इथंच कुठंतरी असेल. "इथंच कुठंतरी म्हणजे काय?" आत्या मराठीतच म्हणाली. "नवरदेव तेवढे दाखवतोस होय रे?"

घरी येऊन फोटो बघितले. सगळे नरांचे. उडी घेताना, हवेत, पडताना, गवताच्या काडीवर दम खाताना. एका फोटोत कोपऱ्यात काहीतरी तपकिरी होतं, पण ते मोठं करून बघितल्यावर गवताचं पान निघालं.

जॅक्सन्स विडोबर्ड हा केनियाच्या आणि उत्तर टांझानियाच्या उंच गवताळ पठारांवर राहणारा पक्षी, आपल्याकडच्या सुगरणीच्या गणगोतातला. एरवी तपकिरी, रेघारेघांचा, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. विणीचा हंगाम आला की नर काळाभोर होतो, पंखांच्या मुळाशी तेवढा तपकिरी रंग राहतो, आणि मागं लांब, खाली वळलेली शेपटी फुटते. मग तो गवतात जागा धरतो. मधला एक झुबका उभा ठेवून त्याच्या भोवतीचं गवत तुडवतो, काड्या खुडतो आणि गोल वाट तयार करतो. झुबक्याच्या अंगाला कोनाड्यासारखे खळगेही करतो. हे रिंगण त्याचं स्वतःचं. आजूबाजूला इतर नरांची रिंगणं असतात, आणि सगळे मिळून सकाळी आणि उतरत्या उन्हात उड्या मारतात. मान मागं टाकलेली, शेपटी कमान करून पाठीवर आणलेली, पाय हवेत चालतायत. पुन्हा त्याच जागी खाली. गाडीतून आपल्याला दिसतो तो एवढाच भाग. खरी गोष्ट गवताच्या आत घडते, ती दिसत नाही. मादी येते, रिंगणात उतरते, झुबक्याच्या पलीकडं उभी राहते. नर अलीकडं. तो कोनाड्यात डोकं घालतो, अंग थरथरवतो, तिच्या बाजूला यायला बघतो, ती झुबक्याभोवती सरकते. मनात आलं तर थांबते. नाही आलं तर शेजारच्या रिंगणात जाते. तिला जाण्यापासून कुणी अडवत नाही आणि जाताना ती कारणही देत नाही.

तणमोर अशाच उड्या मारतो. अकोला-वाशीमच्या माळांवर पावसाळ्यात त्याचा नर गवतावर उसळताना दिसतो, म्हणजे जिथं तो अजून उरला आहे तिथं. तो तर माळढोकाच्या कुळातला, या पक्ष्याशी नात्यानं काही संबंध नाही. पण उंच गवतात राहणाऱ्याला दिसायचं असेल तर गवताच्या वर यावंच लागतं. झाडावर बसून गाण्याची सोय तिथं नाही. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यालाही फिरून दाखवावं लागतं."

फिरून दाखवणं हा शब्दप्रयोग तिच्या तोंडी सहज आला नव्हता. त्या रात्री जेवणं झाल्यावर, जूनच्या नैरोबीतल्या थंडीत शाल गुंडाळून बसली असताना, तिनं ते सांगितलं. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. तिला बघायला मिरजेची माणसं आली होती. नाव सांग, चालून दाखव, सुईत दोरा ओव, हे नेहमीचं झालं. मग मुलाची मामी म्हणाली, जरा वेणी सोड बघू. आत्याची वेणी कमरेच्या खाली यायची. गंगावन लावलंय की केस खरे आहेत याची खात्री करायची होती. आत्यानं सगळ्यांसमोर वेणी सोडली. मामीनं उठून हातात घेऊन बघितली, मुळाशी बोटं घातली, समाधान झालं तशी बसली. "तुझ्या आजीनं पोहे आणले," आत्या म्हणाली, "आणि सगळे खायला लागले. मी तशीच, मोकळ्या केसांनी. आता वेणी घाल असं कुणी म्हणेना, आणि आपण होऊन घालावी तर तेही बरं दिसेना." ते स्थळ पुढं जमलं नाही, पत्रिका जुळत नाही असं कळवलं. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. चारचौघांत पुन्हा वेणी घालत बसावं लागलं, ते मात्र पन्नास वर्षांनीही तिच्या आवाजात होतं.

मी तिला माल्टे अँडरसनची गोष्ट सांगितली ती यानंतर. सांगावी की नाही असा क्षणभर विचार केला होता.

हे स्वीडनमधले गोथेनबर्ग विद्यापीठाचे संशोधक. त्यांनी अभ्यासलेला पक्षी जॅक्सनचा भाऊबंद, लाँगटेल्ड विडोबर्ड. तोही काळा, खांद्यावर लाल पट्टा आणि त्याला पांढरट किनार, आणि शेपटी अर्ध्या मीटरच्या आसपास. शरीर शेपटीच्या निम्मंही नाही. हा उड्या मारत नाही. गवतावरून मुद्दाम हळू, पंख जड असल्यासारखा उडतो, आणि शेपटी खाली उभी पसरतो, म्हणजे माळावर किलोमीटरभरावरूनही दिसावी. केनियातल्या किनांगोप पठारावर अँडरसननी असे ३६ नर पकडले आणि त्यांचे गट केले. काहींच्या शेपट्या कापून साधारण १४ सेंटीमीटरवर आणल्या. कापलेले तुकडे दुसऱ्या नरांच्या शेपट्यांना चटकन चिकटणाऱ्या गोंदानं जोडले, त्या साधारण २५ सेंटीमीटरनं वाढल्या. काहींना हात लावला नाही. आणि काहींची शेपटी कापून तीच पुन्हा तिथंच चिकटवली, कापण्या-चिकटवण्याचाच काही परिणाम होत नाही ना हे बघायला. मग कुणाच्या हद्दीत किती माद्यांची घरटी होतात ते मोजलं. आधी सगळे साधारण सारखे होते. नंतर सगळ्यात जास्त नवी घरटी झाली ती शेपटी वाढवलेल्यांच्या हद्दीत. हद्द राखण्यात मात्र आखूड शेपटीवाले कुठं कमी पडले नाहीत, म्हणजे नरांच्या आपसांतल्या भांडणाशी शेपटीचा संबंध नव्हता. तिच्याकडं बघणाऱ्या डोळ्यांशी होता. १९८२ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं आणि आता जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडतं.

आत्या ऐकत होती. "म्हणजे गंगावन लावलं म्हणा की."

"हो."

"आणि त्या फसल्या?"

फसल्या, असं मी म्हणाले, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. बरं झालं, असं म्हणाली. मग पाणी पिऊन, शाल सावरून, जरा वेळानं म्हणाली, "नाही, बरं नाही झालं. ज्यांच्या कापल्या त्यांचं काय?" त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. हंगाम संपला की शेपटी सगळ्यांचीच गळते, काळा रंग जातो, खांद्यावरचा लाल तेवढा राहतो. पुढच्या हंगामात पुन्हा पूर्ण शेपटी येते, कापलेल्यालाही आणि चिकटवलेल्यालाही. आत्याला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. एक हंगाम गेला तो गेलाच, असं तिचं म्हणणं. इतक्या लहान पक्ष्याच्या आयुष्यात किती हंगाम असतात, हेही तिनं विचारलं, आणि मी विषय बदलला.

ती परत गेल्यावर मी या विषयावरचं बरंच वाचलं. चार्ल्स डार्विनलाही हा लांब शेपटीचा पक्षी माहीत होता. १८७१ सालच्या पुस्तकात त्यानं दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपच्या बाजूची एक ऐकीव नोंद दिली आहे: लांब शेपटी गमावलेल्या नराला मादी नाकारते. अँडरसनच्या कात्रीआधी शंभरावर वर्षं ही गोष्ट कागदावर होती. तरी कुणी ती तपासायच्या भानगडीत पडलं नाही याचं कारण मला त्या काळच्या विद्वानांच्या वादात सापडलं. नर एकमेकांशी भांडतात आणि बलवान जिंकतो, हे सगळ्यांना लगेच पटलं. मादी बघते, तोलते आणि निवडते, हे पटेना. ज्यानं डार्विनच्या बरोबरीनं उत्क्रांतीचा विचार मांडला त्या वॉलेसनंही मादीच्या आवडीनिवडीला एवढं मोठं काम द्यायला नकार दिला. मायव्हार्ट नावाचे एक टीकाकार तर म्हणाले की बाईच्या जातीची लहर इतकी चंचल असते की तिच्या निवडीतून पक्ष्याचा रंग स्थिर होणं शक्यच नाही. हे मी वाचलं तेव्हा मला ती मिरजेची मामी आठवली नाही, तिच्या शेजारी गप्प बसून पोहे खाणारे पुरुष आठवले. निवड करण्याचा अधिकार आपल्याकडं आहे हे ज्यांना इतकं ठाऊक असतं की त्यांना तो वापरावाही लागत नाही, अशी माणसं.

पुढचं काम मात्र फार सुरेख झालेलं आहे. स्टेफान अँडरसन, हेही त्याच आडनावाचे आणि त्याच विद्यापीठाचे, यांनी केनियात जॅक्सनच्या रिंगणांवर अनेक हंगाम घालवले आणि दाखवलं की नर रिंगणावर किती वेळ हजर असतो, किती वेळा उडी घेतो आणि त्याची शेपटी किती लांब आहे, या सगळ्याला तिच्या लेखी किंमत आहे. त्यांनी आणि सारा प्राइक यांनी दक्षिण आफ्रिकेत रेडकॉलर्ड विडोबर्डवर काम केलं. त्या नराला लांब शेपटी आहे आणि गळ्यावर लाल पट्टाही आहे. आपल्याला वाटतं दोन्ही तिच्यासाठी. तर नाही. लाल पट्टा बघून दुसरे नर दबतात, मादीला त्याचं काही नाही. ती बघते शेपटी. पण मला सगळ्यात जास्त घोळवला तो त्यांचा २००२ सालचा प्रयोग. रेडशोल्डर्ड विडोबर्ड या जातीच्या नराची शेपटी मुळात आखूड. त्यांना चिकटवून लांब शेपट्या दिल्या, त्या जातीत कुणी कधी पाहिल्या नसतील इतक्या. आणि माद्या तिकडं वळल्या. म्हणजे आवड आधीच होती. दारात तसा नर आलेला नव्हता, एवढंच.

इथं माझं मन दोन बाजूंना जातं. एक बाजू खूष होते. इतकी वर्षं ज्या तपकिरी पक्ष्याला कुणी फोटोच्या चौकटीत घेतलं नाही, त्याच्या डोळ्यानं ही काळी शेपटी घडवली, पिढ्यान् पिढ्या, थोडी थोडी लांब. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू योद्ध्यांच्या शिरोभूषणात ज्या पक्ष्याची पिसं खोवली जात तो साकाबुला म्हणजे हाच लांब शेपटीचा पक्षी. पराक्रमाची खूण म्हणून माणसानं डोक्यावर मिरवली ती पिसं एका चिमणीएवढ्या मादीच्या पसंतीनं वाढलेली होती. दुसरी बाजू विचारते, पण तिला काय मिळालं? जॅक्सनचा नर घरटं बांधत नाही. रिंगण हे घर नाही. ती मन वळलं की उतरते, काम झालं की निघून जाते, दूर गवतात एकटी घरटं बांधते, वरची ओली पाती वाकवून त्यावर छत करते, २-३ अंडी घालते, उबवते, पिल्लांना भरवते. तो तिकडं उड्या मारत असतो. तिला त्याच्याकडून मिळतं ते एवढंच, की पिल्लं त्याची. शेपटी वागवण्याची ज्याची ऐपत तो अंगानं धड असणार, असं झहावी या जीवशास्त्रज्ञांचं १९७५ सालचं म्हणणं. आवडीचंच पीक येत जातं, लेक आवड घेते आणि लेक शेपटी घेतो, असं त्याच्या खूप आधीचं फिशर या दुसऱ्या शास्त्रज्ञाचं. दोन्ही मी समजून घेतली आहेत. दोन्ही वाचताना मला वाटत राहतं की कागदावर हिशेब लागतो, पण सकाळी सातला त्या झुबक्यापलीकडं उभी असलेली ती हिशेब करत नसणार. तिला ते बघायला आवडत असणार. डार्विननं हेच म्हटलं होतं आणि लोक त्यालाच हसले होते. आणि आवडणं म्हणजे न्याय नव्हे, हेही खरं. तिनं आखूड शेपटीच्या नराला नाकारलं तेव्हा मामीच्या बोटांत आणि तिच्या नजरेत फार अंतर होतं असं मला म्हणता येत नाही. लांबीच बघत होत्या दोघी. फरक इतकाच, की इथं बघणारी पोहे खाऊन घरी जात नाही. ती जे निवडते ते तिलाच एकटीनं वाढवायचं असतं.

किनांगोपला मी गेले ती लाँगटेल्ड बघायला. नैरोबीहून लिमुरूच्या चहाच्या मळ्यांवरून वर चढत न्जाबिनीच्या दिशेला गेलं की हवा एकदम बदलते. अडीच हजार मीटरच्या आसपास उंची, एका अंगाला अॅबरडेअरच्या डोंगरांवर ढग टेकलेले, दुसऱ्या अंगाला रिफ्ट व्हॅलीचा उतार. टपरीवर दुधातला चहा आणि गरम मंदाझी, म्हणजे तळलेला गोडसर पाव, हात गरम करायला दोन्ही उपयोगी. हे पठार कधी सलग झुबकेदार गवताचं होतं. आता तुकड्या-तुकड्यांनी शेती आहे: बटाटा, कोबी, मधे कुंपण, मग एक गवताचा पट्टा, त्यात मेंढ्या आणि गाय, पुन्हा बटाटा. जमीन लोकांच्या मालकीची, लहान लहान. शार्पचा लाँगक्लॉ नावाचा पिवळ्या छातीचा पक्षी जगात फक्त केनियाच्या अशा उंच गवतात राहतो, आणि गवत नांगरलं की तो संपतो. त्याच्यासाठी नेचर केनिया या संस्थेनं इथं काही जमिनी विकत घेऊन राखल्या आहेत. बाकीचं सगळं शेतकऱ्याच्या मर्जीवर. दुधाचा कॅन घेऊन चाललेल्या एका बाईंशी आमच्या स्थानिक वाटाड्यानं गप्पा मारल्या आणि मला सांगितलं: त्या म्हणतायत, गवत राखलं तर गाय पोसते, बटाटा लावला तर पोरांची फी निघते. त्यांच्याकडं थोडं गवत होतं. किती दिवस राहील ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला काय अधिकार होता? मी तिथं पाहुणी, एका शेपटीसाठी पेट्रोल जाळून आलेली.

आणि शेपटी दिसली. त्याच बाईंच्या कुंपणापलीकडं. वारा डोंगराकडून येत होता आणि तो त्यात आडवा उडायचा प्रयत्न करत होता, शेपटी एकीकडं, अंग दुसरीकडं, लाल खांदे पेटलेले, पंख इतके सावकाश हलतायत की आता पडेल असं वाटावं. भिजल्यावर तर याला उडणंच कठीण होतं असं सांगतात, आणि बघताना ते खरं वाटलं. देखणा होता हे नाकारून चालणार नाही. मी दुर्बिणीनं त्याला पोटभर बघितलं. मग वाटाड्याला म्हणाले, मादी दाखवा.

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्रच बघितलं. लोक या पठारावर लाँगक्लॉसाठी येतात, लाँगटेल्डच्या नरासाठी येतात. मादीसाठी कुणी येत नसावं. तरी आम्ही कुंपणाशी थांबलो. बऱ्याच वेळानं गवताच्या बुडातून एक तपकिरी पक्षी निघाला, खाली खाली उडत दुसऱ्या झुबक्यात शिरला. पुन्हा निघाला. पाठीवर गडद रेघा, भुवईशी फिकट पट्टी, जाड चोच. वर त्याची फेरी चालू होती आणि ती मान वर न करता चरत होती. "हीच का?" मी विचारलं. वाटाडे म्हणाले, "असेल." खात्री का नाही? कारण विडोबर्डच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात, आणि बिनहंगामात जॅक्सनचे नरही त्यांच्यात मिसळून जातात, आकारानं किंचित मोठे एवढंच. मोठ्या मिश्र थव्यात अनुभवी माणसंही सरळ 'विडोबर्ड' लिहून मोकळी होतात, पुढं जातीची जागा रिकामी.

माझ्याकडच्या पुस्तकात नराची मोठी चित्रं आहेत, एक उडताना, एक बसलेला. मादी खाली कोपऱ्यात, आणि तिच्याविषयी दोन ओळी. हल्ली बुधवारी सकाळी नैरोबीच्या संग्रहालयापाशी पक्षी बघणारी मंडळी जमतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर जाते आणि थवा दिसला की मागं राहते. खालच्या पंखांचा रंग, छातीवरच्या रेघा कुठं थांबतात, चोचीची जाडी, असं एकेक टिपते. जॅक्सनची मादी आणि लाँगटेल्डची मादी मला अजून खात्रीनं वेगळ्या सांगता येत नाहीत. सोबतचे लोक कंटाळून पुढं निघून जातात, आणि कुणीतरी हाक मारतं की पलीकडं नर नाचतोय, लवकर या. मी येते म्हणते, आणि आधी वहीतली ओळ पूर्ण करते.